चित्रकथा नियमसंहिता (१९५४)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील (यापुढे अमेरिका) चित्रकथा-प्रकाशकांनी २६ ऑक्टोबर १९५४ रोजी स्वतःहून स्वीकारलेली नियमावली. चित्रकथा-पुस्तिकांत (कॉमिक्समध्ये) काय लिहावे, काय रेखाटावे आणि कोणत्या जाहिराती छापाव्यात, यांविषयीचे निर्बंध तीत घालून दिलेले होते. ही नियमावली म्हणजे शासनाने केलेला कायदा नव्हता. तिच्या भंगाबद्दल दंड किंवा कारावास अशी कोणतीही शिक्षा नव्हती. असे असूनही तिच्यामुळे थोड्याच काळात एक संबंध कथाप्रकार बाजारातून नाहीसा झाला, शेकडो चित्रकार व लेखक यांचा व्यवसाय सुटला आणि चित्रकथा हे केवळ मुलांचे वाचन होय, ही समजूत अमेरिकेत पुढील कित्येक वर्षे दृढमूल झाली. या कारणांमुळे १९५४ हे वर्ष चित्रकथेच्या व चित्रकथाकारांच्या इतिहासात निर्णायक मानले जाते. मुलांचे हित आणि कलावंताचे स्वातंत्र्य यांच्यातील तंट्याचा निवाडा या वर्षी विधिमंडळाने वा न्यायालयाने केला नाही; तो पुस्तिकांच्या घाऊक वितरणव्यवस्थेने केला, हे या घटनेचे वैशिष्ट्य होय.

पार्श्वभूमी : वृत्तपत्रांतील चित्रमालिका अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून लोकप्रिय होत्या [⟶ व्यंगचित्र]. त्यांचे संकलन स्वतंत्र पुस्तिकेच्या रूपाने १९३३-३४ च्या सुमारास विक्रीस येऊ लागले. जून १९३८ च्या ॲक्शन कॉमिक्सच्या पहिल्या अंकात जेरी सीगल (१९१४–९६) हा लेखक व जो शूस्टर (१९१४–९२) हा चित्रकार यांनी निर्माण केलेला ‘सुपरमॅन’ अवतरला आणि नव्याने काढलेल्या कथांच्या पुस्तिकांना मोठी मागणी निर्माण झाली. या नायकाचे सर्व हक्क त्याच्या निर्मात्यांनी १३० डॉलरना विकले होते. पुढे त्या नायकावर प्रकाशकांनी अमाप संपत्ती मिळविली. चित्रकथेच्या व्यवसायात कलावंताचे स्थान काय होते, हे या एका व्यवहारावरून ध्यानात येते.

पुस्तिकेची निर्मिती कारखान्याच्या पद्धतीने होई. एकाने कथा लिहावी, दुसऱ्याने पेन्सिलीने आराखडा करावा, तिसऱ्याने त्यावर शाई फिरवावी, चौथ्याने संवादांची अक्षरे काढावीत आणि पाचव्याने रंगयोजना करावी, अशी कामाची वाटणी असे. मोबदला पानांवर ठरे. मूळ चित्रे व हक्क प्रकाशकाकडे राहत. पुष्कळदा कलावंताचे नावही छापले जात नसे. जाहिरात आणि प्रतिष्ठित नियतकालिके यांची दारे ज्यांना सहजी उघडत नसत, अशा स्थलांतरितांच्या घरांतील ज्यू व इटालियन तरुणांचा या व्यवसायात मोठा भरणा होता. काही स्त्रिया व कृष्णवर्णीय कलावंतही त्यात होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर अतिमानवी नायकांची लोकप्रियता ओसरली आणि गुन्हेकथा, प्रणयकथा व भयकथा पुढे आल्या. चित्रकथा-पुस्तिकांचा सरासरी मासिक खप १९४० मध्ये सु. १ कोटी ७० लाख प्रती होता. तो १९५३ मध्ये ६ कोटी ८० लाखांवर गेल्याचे अमेरिकन सीनेटच्या अहवालात नमूद आहे. वृत्तपत्रातील चित्रमालिका संपादकाच्या नजरेखालून जाई व वडीलधाऱ्यांच्या हातातून मुलाकडे येई. दहा सेंट किंमतीची पुस्तिका मात्र मूल स्वतःच्या पैशांनी परस्पर विकत घेई. आईवडील, शिक्षक व धर्मोपदेशक यांना तिच्याविषयी जी अस्वस्थता वाटे, तिचे एक मूळ या फरकात आहे.

विरोधाचा प्रारंभ : स्टर्लिंग नॉर्थ या साहित्यसमीक्षकाने ८ मे १९४० रोजी शिकागो डेली न्यूज या वृत्तपत्रात चित्रकथांवर कडक टीका केली, तेव्हापासून विरोधाला जाहीर स्वरूप आले. १९४८ च्या अखेरीस वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील स्पेन्सर, न्यूयॉर्क राज्यातील बिंगमटन इ. गावी शाळकरी मुलांकडून चित्रकथा गोळा करवून त्यांच्या होळ्या करण्यात आल्या. नाझी राजवटीतील ग्रंथदहनाला तेव्हा अवघी पंधरा वर्षे झाली होती. त्यामुळे या प्रकाराने काही विरोधकही संकोचले. त्याच वर्षी ‘विंटर्स विरुद्ध न्यूयॉर्क’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रक्तपात व गुन्हे यांच्या वर्णनांनी भरलेल्या प्रकाशनांवरील न्यूयॉर्क राज्याचा निर्बंध संदिग्ध म्हणून अवैध ठरविला. मुद्रणस्वातंत्र्याची हमी देणाऱ्या संविधानामुळे सरळ बंदीचा मार्ग अवघड आहे, हे यावरून स्पष्ट झाले. प्रकाशकांच्या एका संघटनेने १९४८ मध्ये नियमावली केली होती. परंतु बहुतेक प्रकाशक बाहेर राहिल्याने ती निष्प्रभ ठरली. कॅनडा व फ्रान्स या देशांनी मात्र १९४९ मध्ये कायदे केले : कॅनडाने गुन्हेविषयक चित्रकथांना फौजदारी प्रतिबंध केला, तर फ्रान्सने बालवाचनार्थ प्रकाशनांवर देखरेख सुरू केली.

ईसी प्रकाशनसंस्था आणि तिचे कलावंत : १९५४ च्या वादळाचे केंद्र न्यूयॉर्कमधील ‘ईसी’ ही लहान प्रकाशनसंस्था होते. संस्थापक मॅक्स गेन्स याचे १९४७ मध्ये नौका-अपघातात निधन झाल्यावर ती त्याचा मुलगा विल्यम गेन्स (१९२२–९२) याच्याकडे आली. त्याने अल फेल्डस्टाइन (१९२५–२०१४) या संपादकाच्या साहाय्याने १९५० पासून टेल्स फ्रॉम द क्रिप्ट, द व्हॉल्ट ऑफ हॉरर, द हॉन्ट ऑफ फिअर ही भयकथांची आणि वीअर्ड सायन्स, वीअर्ड फँटसी ही विज्ञानकथांची नियतकालिके सुरू केली. हार्व्ही कर्ट्‌झमन (१९२४–९३) याने संपादिलेल्या टू-फिस्टेड टेल्स व फ्रंटलाइन कॉम्बॅट या नियतकालिकांत युद्धाचे उदात्तीकरण टाळून त्याची भीषणता दाखविली जाई. १९५२ मध्ये त्यानेच मॅड हे विडंबनप्रधान नियतकालिक काढले.

ईसीच्या कथांत प्रेते, खून व सूड यांची रेलचेल असे, हे खरे. त्यांतील काही चित्रे आजच्या वाचकालाही किळसवाणी वाटतील. त्याबरोबरच वंशद्वेष, जमावाकडून होणाऱ्या हत्या व पोलिसांचा भ्रष्टाचार यांवरील कथाही तेथे प्रसिद्ध होत. या संस्थेत चित्रकाराला आपली सही करण्याची मुभा होती. अंकांतून चित्रकारांचा सचित्र परिचय दिला जाई आणि प्रत्येकाच्या शैलीला अनुरूप अशी कथा त्याच्याकडे सोपविली जाई. जॉनी क्रेग (१९२६–२००१), जॅक डेव्हिस (१९२४–२०१६), ग्रॅहॅम इंगल्स (१९१५–९१), वॉली वुड (१९२७–८१) व बर्नार्ड क्रीगस्टाइन (१९१९–९०) हे तिचे प्रमुख चित्रकार. वाचक त्यांना त्यांच्या रेषेवरून ओळखीत. चित्रकथाकार अनामिक कारागीर न राहता कलावंत म्हणून ओळखला जाऊ लागला, तो ज्या थोड्या ठिकाणी, त्यांपैकी हे एक होते.

वर्थॅम याचे प्रतिपादन : जर्मनीत जन्मलेला मानसोपचारतज्ञ फ्रेडरिक वर्थॅम (१८९५–१९८१) हा चित्रकथांचा सर्वांत प्रभावी टीकाकार. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात गरीब कृष्णवर्णीयांसाठी १९४६ मध्ये लाफार्ग चिकित्सालय सुरू करण्यात त्याचा पुढाकार होता. वर्णभेदावर आधारलेल्या वेगळ्या शाळांमुळे मुलांच्या मनावर अनिष्ट परिणाम होतो, अशी साक्ष त्याने डेलावेअर राज्यातील एका खटल्यात दिली होती. त्या खटल्याचा समावेश असलेल्या ‘ब्राउन’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी अशा शाळा अवैध ठरविल्या. तेव्हा वर्थॅम याची गणना प्रतिगाम्यांत करणे चुकीचे ठरेल.

सिडक्शन ऑफ द इनोसंट हा त्याचा ग्रंथ एप्रिल १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे उपचारासाठी आलेल्या मुलांची उदाहरणे देऊन त्याने असे मांडले, की गुन्हेगारी चित्रकथांच्या वाचनाने मुले क्रौर्याला सरावतात, गुन्ह्याच्या युक्त्या शिकतात आणि त्यांच्या लैंगिक कल्पना विकृत होतात. भयकथा, जंगलकथा व अतिमानवी नायकांच्या कथा या सर्वांचा तो ‘गुन्हेकथा’ या एकाच वर्गात अंतर्भाव करी. जंगलकथांतून कृष्णवर्णीयांचे जे हीन चित्रण होई, त्यावरील त्याचा आक्षेप रास्त होता. बॅटमॅन व रॉबिन यांच्या संबंधांविषयीचे त्याचे विवेचन मात्र त्या काळच्या पूर्वग्रहांतून आलेले दिसते. ठराविक वयाखालील मुलांना अशा पुस्तिका विकण्यास कायद्याने मनाई करावी, एवढीच त्याची मागणी होती. प्रौढांच्या वाचनावर त्याला निर्बंध नको होता आणि प्रकाशकांच्या स्वनियमनावर त्याचा विश्वास नव्हता.

सीनेट उपसमितीची सुनावणी : बालगुन्हेगारीची चौकशी करणाऱ्या सीनेटच्या उपसमितीने न्यूयॉर्क येथे २१ व २२ एप्रिल आणि ४ जून १९५४ रोजी चित्रकथांविषयी साक्षी घेतल्या. रॉबर्ट हेंड्रिक्सन हा तिचा अध्यक्ष असला, तरी संघटित गुन्हेगारीच्या चौकशीमुळे देशभर ख्याती पावलेला एस्टिस कीफॉव्हर हा सदस्य विशेष प्रभावी होता. वर्थॅम व गेन्स या दोघांच्या साक्षी पहिल्याच दिवशी झाल्या. गेन्स स्वेच्छेने साक्षीस आला होता. वाचनामुळे मूल बिघडत नाही, आपण काय छापावे याची मर्यादा आपली अभिरुची ठरविते, असे त्याने सांगितले. तेव्हा कीफॉव्हरने क्राइम सस्पेन्स्टोरीज या नियतकालिकाच्या २२ व्या अंकाचे, जॉनी क्रेगने काढलेले मुखपृष्ठ पुढे केले. त्यावर एका पुरुषाच्या हातात रक्ताळलेली कुऱ्हाड व स्त्रीचे तोडलेले शिर दाखविले होते. हे सुरुचीला धरून आहे काय, या प्रश्नाला भयकथेच्या मुखपृष्ठाच्या दृष्टीने ते तसे आहे, असे उत्तर गेन्सने दिले; शिर आणखी वर धरून मानेतून ठिबकणारे रक्त दाखविले असते, तर ते अभिरुचिहीन झाले असते, अशी पुस्तीही त्याने जोडली. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर हे संभाषण झळकले आणि लोकमत प्रकाशकांविरुद्ध गेले.

या सुनावणीत वृत्तपत्रीय चित्रमालिकाकारांच्या संघटनेचेही प्रतिनिधी आले होते. ‘पोगो’ मालिकेचा कर्ता वॉल्ट केली आणि ‘स्टीव्ह कॅन्यन’चा कर्ता मिल्टन कॅनिफ यांनी शासकीय अभ्यवेक्षणाला विरोध दर्शविला; तथापि भयकथांपासून आपला व्यवसाय वेगळा असल्याचेही त्यांनी आवर्जून सांगितले. हे दोघे नावारूपास आलेले, वृत्तपत्रांचे संरक्षण लाभलेले कलावंत होते. पानांच्या हिशेबाने राबणाऱ्या पुस्तिकाकारांची बाजू मांडणारी तशी प्रबळ संघटना नव्हती. उपसमितीने कायद्याची शिफारस केली नाही. प्रकाशकांनी आपले घर आपणच स्वच्छ करावे, असा तिच्या भूमिकेचा मथितार्थ होता.

नियमसंहितेचे स्वरूप : बहुसंख्य प्रकाशकांनी सप्टेंबर १९५४ मध्ये ‘कॉमिक्स मॅगझीन असोसिएशन ऑफ अमेरिका’ ही संघटना स्थापिली आणि न्यूयॉर्कचा एक दंडाधिकारी चार्ल्स मर्फी याची नियमसंहितेचा प्रशासक म्हणून नेमणूक केली. संहितेत एकूण ४१ कलमे होती. त्यांपैकी प्रमुख पुढीलप्रमाणे : प्रत्येक कथेत सत्प्रवृत्तीचा दुष्प्रवृत्तीवर विजय व्हावा आणि गुन्हेगाराला शिक्षा मिळावी. पोलीस, न्यायाधीश, शासकीय अधिकारी व प्रतिष्ठित संस्था यांच्याविषयी अनादर उत्पन्न होईल असे चित्रण करू नये. नियतकालिकाच्या नावात ‘हॉरर’ व ‘टेरर’ हे शब्द नसावेत. चालती प्रेते, रक्तपिपासू पिशाच, नरभक्षण व मनुष्याचा लांडगा होणे यांची दृश्ये वर्ज्य करावीत. स्त्रीदेहाचे रेखाटन अवास्तव नसावे. घटस्फोटाचा उपहास करू नये व तो इष्ट म्हणून दाखवू नये. धर्म व वंश यांची टवाळी करू नये. शस्त्रे, मद्य, तंबाखू इत्यादींच्या जाहिराती घेऊ नयेत.

यांतील काही कलमे आजही कोणाला खटकणार नाहीत. मात्र वाचकाच्या वयाचा भेद या संहितेत मुळीच केलेला नव्हता. सर्व चित्रकथा लहान मुलांसाठीच असतात, हे गृहीत धरून प्रत्येक पुस्तिकेला तोच मापदंड लावण्यात आला. वर्थॅमने मागितलेला कायदा प्रौढांचे वाचन मोकळे ठेवणारा होता. त्याच्याऐवजी आलेली स्वेच्छेची संहिता त्याहून व्यापक ठरली.

अंमलबजावणी : अंकाची चित्रे छपाईपूर्वी मर्फीच्या कार्यालयाकडे पाठवावी लागत. तेथील परीक्षक आक्षेपार्ह संवाद व चित्रे दाखवून देत आणि ती बदलल्यावर मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात छापावयाची, टपाल तिकिटाएवढी संमतिमुद्रा मिळे. डिसेंबर १९५४ च्या अखेरपर्यंत १२६ कथा व ५,६५६ चित्रे नाकारल्याचे मर्फीने जाहीर केले. सर्वाधिक खपाची ‘डेल’ ही प्रकाशनसंस्था आणि अभिजात साहित्याची चित्ररूपांतरे काढणारी ‘गिल्बर्टन’ या दोन संस्था संघटनेत सामील झाल्या नाहीत. त्यांच्या पुस्तिका निरुपद्रवी मानल्या जात असल्याने त्यांना मुद्रेची गरज भासली नाही.

इतरांना मात्र ती अपरिहार्य होती. नियतकालिके घाऊक वितरकांमार्फत गठ्ठ्यांनी विक्रेत्यांकडे जात व न खपलेल्या प्रती परत येत. स्थानिक समित्यांच्या रोषाला भिणारे वितरक व विक्रेते मुद्रा नसलेले गठ्ठे न सोडताच परत धाडू लागले. प्रकाशन छापण्याचे स्वातंत्र्य अबाधित होते. पण ते वाचकापर्यंत नेणारा रस्ता बंद झाला होता. गेन्सने सप्टेंबर १९५४ मध्येच आपली भयकथांची व गुन्हेकथांची नियतकालिके बंद केली. १९५५ च्या प्रारंभी त्याने काढलेल्या सौम्य नियतकालिकांचे मुद्रारहित अंकही असेच परत आले आणि अखेर त्याला संघटनेत जावे लागले.

या संदर्भात ‘जजमेंट डे’ या कथेचा इतिहास उद्‌बोधक आहे. जो ऑर्लँडो याने चित्रित केलेली ही कथा प्रथम १९५३ मध्ये वीअर्ड फँटसीत आली होती. पृथ्वीवरून आलेला एक निरीक्षक यंत्रमानवांच्या ग्रहाला भेट देतो. तेथे केवळ वेष्टनाच्या रंगावरून यंत्रमानवांत उच्चनीच भेद पाळला जातो, म्हणून तो ग्रह विश्वसंघात घेण्यास अपात्र ठरवितो. परतीच्या वाटेवर तो शिरस्त्राण काढतो, तेव्हा तो कृष्णवर्णीय असल्याचे अखेरच्या चौकटीत उघड होते. ही कथा पुन्हा छापावयास घेतली असता मर्फीने हा निरीक्षक कृष्णवर्णीय नसावा, अशी अट घातली. तसे केल्यास कथेला अर्थच उरत नव्हता. गेन्स व फेल्डस्टाइन यांनी नकार दिला, प्रकरण जाहीर करण्याची धमकी दिली आणि १९५६ च्या प्रारंभी इन्क्रेडिबल सायन्स फिक्शनच्या ३३ व्या अंकात ती कथा जशीच्या तशी छापली. ईसीची ती शेवटची चित्रकथा-पुस्तिका होय. वंशाची टवाळी निषिद्ध करणाऱ्या संहितेच्याच नावाने वंशभेदविरोधी कथेला हरकत घेतली जावी, ही विसंगती येथे लक्षात घेण्यासारखी आहे.

कलावंतांवरील परिणाम : १९५४ मध्ये अमेरिकेत सु. ६५० चित्रकथा-नियतकालिके निघत. १९५६ पर्यंत त्यांची संख्या सु. २५० वर आली. ही घट सर्वस्वी संहितेमुळे झाली असे म्हणता येणार नाही. त्याच सुमारास दूरचित्रवाणी निम्म्याहून अधिक घरांत पोहोचली होती आणि १९५७ मध्ये वितरणव्यवस्थाही कोलमडली. तरी कलावंतांची हानी मोठी होती. डेव्हिड हायडू या लेखकाने २००८ मधील आपल्या ग्रंथात, या काळात व्यवसायाबाहेर पडून पुन्हा कधीही चित्रकथेकडे न वळलेल्या आठशेहून अधिक व्यक्तींची यादी दिली आहे. जॉनी क्रेग जाहिरात-क्षेत्रात गेला. ग्रॅहॅम इंगल्स चित्रकला शिकवू लागला आणि आपल्या भयकथांशी संबंध सांगणे त्याने पुढे कित्येक वर्षे टाळले. जॅक डेव्हिसने मात्र नियतकालिकांची मुखपृष्ठे व चित्रपटांची भित्तिपत्रके काढून मोठे यश मिळविले.

बर्नार्ड क्रीगस्टाइनची ‘मास्टर रेस’ ही कथा या पडझडीतच जन्मास आली. ती ईसीच्या इम्पॅक्ट या नियतकालिकाच्या १९५५ मधील पहिल्या अंकात प्रसिद्ध झाली. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत नाझी छळछावणीचा एक माजी प्रमुख आपल्याला ओळखणाऱ्या माणसाला पाहून पळतो व गाडीखाली सापडतो, असे तिचे कथानक आहे. सहा पानांची म्हणून आलेली ही कथा क्रीगस्टाइनने आग्रहाने आठ पानांची केली. एक क्षण अनेक अरुंद चौकटींत विभागून आणि गाडीच्या खिडक्यांतील चेहरे एकापुढे एक पुन्हा पुन्हा रेखाटून त्याने काळाची गती कागदावर उमटविली. चौकटींची मांडणी हेच कथनाचे साधन कसे होऊ शकते, याचे उदाहरण म्हणून समीक्षक आज या कथेचा निर्देश करतात. तिच्या कर्त्याला असे प्रयोग करावयास पुढे वाव राहिला नाही. चित्रकथा सोडून तो पुस्तकांची सजावट व चित्रकलेचे अध्यापन यांकडे वळला.

अपवाद ठरले ते मॅड. जुलै १९५५ च्या २४ व्या अंकापासून गेन्सने त्याला २५ सेंट किंमतीच्या मोठ्या आकाराच्या मासिकाचे रूप दिले. ते चित्रकथा-पुस्तिका राहिले नसल्याने संहिता त्याला लागू होत नव्हती. कर्ट्‌झमन १९५६ मध्ये बाहेर पडल्यावर फेल्डस्टाइनने त्याचे दीर्घकाळ संपादन केले आणि ते अमेरिकेतील अत्यंत खपाचे विनोदी नियतकालिक झाले.

इतर देशांतील पडसाद : सप्टेंबर १९५४ मध्ये ग्लासगो शहरातील शेकडो मुले लोखंडी दातांच्या पिशाचाच्या शोधात एका दफनभूमीत जमली. या घटनेचा ठपका अमेरिकन भयकथांवर ठेवण्यात आला. त्या मुलांनी तशा पुस्तिका वाचल्याचा पुरावा पुढे आला नाही. ब्रिटनमध्ये अशा पुस्तिकांविरुद्ध आधीच चळवळ चालू होती व १९५५ मध्ये तेथे बालकांना अपायकारक प्रकाशनांविरुद्ध कायदा झाला.

भारतीय संसदेने १९५६ मध्ये तरुण व्यक्तींना अपायकारक अशा प्रकाशनांविषयीचा अधिनियम संमत केला. गुन्हे, हिंसा वा क्रौर्य आणि किळसवाणे किंवा भयानक प्रसंग यांचे प्रामुख्याने वर्णन करणाऱ्या ज्या प्रकाशनामुळे वीस वर्षांखालील व्यक्ती बिघडण्याचा संभव आहे, त्याची विक्री, भाड्याने देणे किंवा प्रदर्शन हा त्यान्वये सहा महिन्यांपर्यंत कारावासास पात्र असा गुन्हा ठरला. त्याची व्याख्या ब्रिटिश कायद्याच्या व्याख्येशी जुळती असली, तरी तिची व्याप्ती चित्रकथांपुरती मर्यादित नाही. भारतात या कायद्याच्या वेळी देशी चित्रकथांचा व्यवसाय बाल्यावस्थेतच होता. मुंबईतून इंद्रजाल कॉमिक्स १९६४ मध्ये आणि अनंत पै (१९२९–२०११) यांनी संपादिलेली अमर चित्र कथा १९६७ मध्ये निघू लागली. राम वाईरकर, प्रताप मुळीक यांसारख्या चित्रकारांचे नाव अमर चित्र कथेमुळे घरोघर पोहोचले.

अमेरिकन संहिता शब्दशः लावली असती, तर राजा विक्रमाच्या खांद्यावरील बोलत्या प्रेताची वेताळपंचविशीतील कथा चित्ररूपाने छापता आली नसती. ‘चांदोबा’ मासिकात ती वाचत मराठी मुलांच्या पिढ्या मोठ्या झाल्या आहेत. भयाचा अंश असलेले वाङ्‌मय मुळातच बालविरोधी असते, हे गृहीतक किती तपासून घ्यावे लागते, हे यावरून दिसते [⟶ बालसाहित्य].

संहितेची अखेर : ज्या वितरणव्यवस्थेमुळे संहिता प्रभावी झाली, तिच्यात बदल होताच तिचा अंमल सैल पडला. रॉबर्ट क्रम याचे झॅप कॉमिक्स १९६८ मध्ये निघाले. अशा स्वतंत्र पुस्तिका रूढ वितरकांना वगळून विकल्या जात. १९७१ मध्ये शासकीय आरोग्य खात्याच्या विनंतीवरून स्टॅन ली याने ‘स्पायडर-मॅन’च्या तीन अंकांत मादक द्रव्यांचे दुष्परिणाम दाखविले. मादक द्रव्यांच्या चित्रणामुळे त्यांना मुद्रा नाकारण्यात आली. अंक मुद्रेविना निघाले व खपले. त्याच वर्षी संहिता शिथिल होऊन अभिजात साहित्याच्या परंपरेतील पिशाचकथांना परवानगी मिळाली. पुढे केवळ चित्रकथांची दुकाने निघाल्यावर मुद्रेची आवश्यकता उरली नाही. आर्ट स्पीगलमन याच्या मॉस या ज्यू-हत्याकांडावरील चित्रकथेला १९९२ मध्ये पुलिट्झर पारितोषिकाचा बहुमान लाभला. मार्व्हल या संस्थेने २००१ मध्ये संहितेचा त्याग केला. डीसी व आर्ची या अखेरच्या मोठ्या संस्थांनीही २०११ च्या प्रारंभी ती सोडली आणि ५६ वर्षांनी संहिता संपुष्टात आली.

मूल्यमापन : वर्थॅम याची कागदपत्रे २०१० मध्ये अभ्यासकांना खुली झाली. कॅरल टिली या संशोधिकेने त्यांची ग्रंथाशी तुलना करून २०१२ मध्ये असे दाखवून दिले, की त्याने मुलांची वये बदलली, अनेकांची निवेदने एकाच्या नावे जोडली आणि मारहाण, घरातील हालअपेष्टा यांसारखी बिघाडाची इतर कारणे गाळली. त्याच्या चिंतेचा प्रामाणिकपणा यामुळे खोटा ठरत नाही. त्याच्या पुराव्याची विश्वासार्हता मात्र उरत नाही. दुसऱ्या बाजूने, मुलांच्या हाती काय जावे याची कोणतीही जबाबदारी न मानणाऱ्या प्रकाशकांनी हा रोष काही अंशी ओढवून घेतला होता, हेही मान्य करावे लागते. या दोहोंमध्ये वयानुसार वर्गीकरणाचा मध्यम मार्ग उपलब्ध होता व तो स्वीकारला गेला नाही. मुलांना अनुचित वाचनापासून दूर ठेवण्याचा प्रश्न त्यामुळे सुटला नाही. सर्वांसाठी एकच माप ठरविल्याने प्रौढ वाचक व प्रयोगशील कलावंत मात्र या माध्यमाला अनेक वर्षे अंतरले. कायद्याने लादलेले बंधन न्यायालयात आव्हानित करता येते. व्यवसायाने भीतीपोटी स्वतःवर घालून घेतलेल्या बंधनाविरुद्ध दाद मागण्याची जागा नसते. चित्रकथांच्या इतिहासात १९५४ या वर्षाचे महत्त्व मुख्यतः या अनुभवामुळे आहे.